सासूबाईंचं नाक आणि सात हजार रिव्ह्यू

प्रश्न : लग्न होऊन मी नायगाव पूर्वेला आले त्याला सहा वर्षं झाली. दर मे महिन्यात सासूबाई मला पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात नेतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून जवळा, बोंबील, सोडे अशी चारपाच हजारांची खरेदी त्या तासाभरात उरकतात. कुणाला काही विचारत नाहीत. नाकाशी नेतात, हातात चुरगाळतात, ठेवतात नाहीतर घेतात. सहा वर्षांत एकदाही माल खराब निघालेला मी पाहिला नाही. मी मात्र साडेतीन हजारांचा मिक्सर घ्यायला अकरा रात्री मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. सात हजारांवर रिव्ह्यू होते, सरासरी 4.3 स्टार. चौथ्या महिन्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना मोटर जळाली. आता स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की टोमणा तयार असतो. चेष्टा नाही, खरंच विचारते : सात हजार माणसांपेक्षा एका बाईचं नाक जास्त खरं कसं निघतं? आणि मग हे स्टार बघायचेच नाहीत का?
— एक वाचक, नायगाव (पूर्व)

उत्तर : तुमचं पत्र बुधवारी मिळालं. सासूबाईंची बाजू घ्यायची की सात हजारांची, हे ठरवण्याआधी नाक नेमकं करतं तरी काय ते बघावं म्हणून शुक्रवारी सकाळी मी पापडीला गेलो.

एक पन्नाशीच्या बाई जवळा घेत होत्या. ढिगाचा वरचा थर त्यांनी हाताच्या कडेने बाजूला सारला आणि मनगट बुडेपर्यंत हात आत घातला. विकणारीच्या कपाळाला आठी पडली, पण ती बोलली नाही. बाईंनी तळाचा मूठभर जवळा काढला, घट्ट दाबला आणि मूठ उघडली. जवळा भुरभुर सुटा झाला. गोळा तसाच राहिला असता तर आत ओल आहे, म्हणजे जुलैत डब्यात बुरशी. मग तोच जवळा दोन्ही तळव्यांवर चोळून खाली टाकला आणि रिकामा तळवा उन्हात तिरपा धरला. रेतीचे कण असले की चमकतात. चिमूटभर तोंडात टाकून दाढेखाली हळूच चावला, कारण डोळ्यातून सुटलेली रेती दाढेला सापडते. नाकाची पाळी सगळ्यांत शेवटी आली. तेही वास येतो का हे बघायला नव्हे, सुक्याला वास येणारच. डोळ्याला झोंबेल असा उग्र दर्प आहे का, एवढंच पाहायचं होतं. तो असला तर मासळी वाळण्याआधीच उतरलेली होती असं समजायचं.

बोंबलाची परीक्षा निराळी. दोन दोन बोंबील जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर वाळत टाकतात, त्यामुळे ते जोडीनेच हातात येतात. त्यातला एक शेपटीकडून वाकवायचा. लवला तर ठेवायचा, कट्कन मोडला तर घ्यायचा. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपण बाणेदार माणसाबद्दल म्हणतो. पापडीला ते बोंबलाला लावतात, आणि खरं सांगायचं तर तिथे ते जास्त शोभतं.

सगळा प्रकार दीडएक मिनिटाचा. म्हणजे तुम्ही ज्याला नाक म्हणता त्यात हात आहे, डोळा आहे, दाढ आहे आणि शेवटी नाक आहे. तुम्हाला दुरून फक्त शेवटचा भाग दिसतो.

बाई पिशवी बांधत होत्या तेव्हा मी विचारलं, हे शिकलात कुठे? त्यांनी एकच शब्द सांगितला : ‘फसून.’ मग रिक्षाची वाट बघता बघता बाकीचं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकटीने जाऊन स्वस्तातला जवळा आणला. पावसात डबा उघडला तर आत अळ्या. सासूने रागावण्याऐवजी उघडा डबा ओट्यावर दोन दिवस तसाच ठेवला. येणारी जाणारी प्रत्येक बाई त्यात डोकावून गेली. पुढच्या वर्षी त्यांनी मूठ दाबायला सुरुवात केली. रेतीचा धडा तिसऱ्या वर्षी मिळाला, जेवताना नवऱ्याचा दात दुखावला तेव्हा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओट्यावरच्या डब्यात आहे. तुमच्या सासूबाईंचा अंदाज आज अचूक निघतो, कारण तीसचाळीस वर्षं दरवर्षी तो तपासला गेला. मे महिन्यात निवड, जुलैत निकाल. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजं दुर्मीळ, त्यामुळे डबा उघडावाच लागतो आणि निकाल टाळता येत नाही. चूक झाली तर ती ताटात येते, स्वतःच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या. शिवाय माल विकणारी पुढच्या शुक्रवारी त्याच जागी बसलेली असते. अशा शाळेत शिकलेल्या माणसाला ‘अंदाजाने घेते’ म्हणणं हा त्याचा थोडा अपमानच आहे. सहा वर्षांत तुम्हाला एकही चूक दिसली नाही, याचं कारण त्यांच्या चुका तुम्ही यायच्या आधीच करून झाल्या होत्या.

आता सात हजारांकडे येऊ. इतकी माणसं एकदम कशी चुकतील, असं तुम्हाला वाटलं आणि ते वाटणं अडाणीपणाचं नाही. त्याला चांगला शास्त्रीय आधार आहे. 1906 साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखण्याची स्पर्धा होती. बैल कापून साफ केल्यावर मांस किती भरेल ते चिठ्ठीवर लिहायचं. एका चिठ्ठीला सहा पेन्स. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. वाचता येण्याजोग्या 787 निघाल्या. त्यांतला बरोबर मधला अंदाज होता 1,207 पौंड आणि खरं वजन भरलं 1,198. म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास चूक फक्त चार किलोची. गाल्टनने हे 1907 साली ‘नेचर’मध्ये छापलं. गर्दीचं शहाणपण म्हणून आपण जे काही मानतो त्याचा हा आवडता दाखला.

पण त्या प्रदर्शनात काय काय जुळून आलं होतं ते बघा. प्रत्येकाने बैल समोर पाहिला होता. प्रत्येकाने गाठचे पैसे मोजले होते, म्हणून विचार करून आकडा लिहिला. दुसऱ्याची चिठ्ठी कुणाला दिसत नव्हती. आणि सगळे एकच गोष्ट मोजत होते, वजन. मोबाइलवरच्या रिव्ह्यूंमध्ये यातलं काहीच धड उरत नाही.

आधी दुसऱ्याची चिठ्ठी. तुम्ही स्टार देता तेव्हा आधीच्यांनी दिलेले स्टार डोळ्यांसमोर असतात. 2013 साली ‘सायन्स’मध्ये मच्निक, अराल आणि टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी लाखभर प्रतिक्रियांमधल्या काहींना, वाटेल तशा निवडून, सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. बस, एकच. पुढे त्या प्रतिक्रियांची अंतिम गुणसंख्या सरासरीने पंचवीस टक्के वाढली. गंमत अशी की खोटं प्रतिकूल मत दिलं तेव्हा लोकांनी ते सावरून घेतलं. खोटी स्तुती मात्र कुणी सावरली नाही. पंगतीत पहिल्या माणसाने ‘वा, काय श्रीखंड झालंय’ म्हटल्यावर दुसरा ‘जरा आंबट आहे’ असं म्हणायला कचरतो, तसंच हे.

मग एकच गोष्ट मोजण्याची अट. तुमच्या मिक्सरचे पाच स्टारवाले रिव्ह्यू पुन्हा काढा आणि ते पार्सल आल्यापासून किती दिवसांत लिहिलेत याचा अंदाज घ्या. बहुतेक वेळा वस्तू हातात पडून चारआठ दिवस होतात न होतात तोच ‘कशी वाटली?’ असा निरोप येतो आणि माणूस त्याच उत्साहात लिहितो. पॅकिंग उत्तम. वेळेच्या आधी आलं. रंग फोटोसारखाच. एकदा चटणी केली, छान झाली. हे खोटं नाही, पण हा मिक्सरचा रिव्ह्यू नाही, पार्सलचा आहे. म्हणजे सात हजारांतल्या बहुतेकांनी मे महिन्यातच निकाल लावून टाकला, जुलैचा डबा कुणी उघडलाच नाही. मोटर चौथ्या महिन्यात जळते आणि त्या वेळी ज्याची जळते तो दुसरा मिक्सर शोधण्याच्या गडबडीत असतो. जुना रिव्ह्यू दुरुस्त करायला परत येणारा विरळा.

शिवाय त्यांनी काय वाटलं आणि तुम्ही काय वाटता? कुणी केळ्याचं मिल्कशेक करतो, कुणी आठवड्यातून एकदा लसणीची चटणी. तुमच्या घरी रोज ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, वर घावनाचे भिजवलेले तांदूळ. पाणी बेताचं, वाटण घट्ट, पातं अडखळतं आणि मोटर तापते. मिल्कशेकवाल्याचे पाच स्टार त्याच्यापुरते खरे आहेत. ते तुमच्या ओट्यावर लागू होत नाहीत, एवढंच.

2016 साली तीन संशोधकांनी 1,272 वस्तूंची अशी जुळणी करून पाहिली. एकीकडे ग्राहकांनी दिलेले सरासरी स्टार, दुसरीकडे प्रयोगशाळेत वस्तू तपासणाऱ्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाचे गुण. दोन्हींचा मेळ फारच सैल निघाला. महागड्या आणि नावाजलेल्या ब्रँडला लोक स्टार जास्त देतात, हेही दिसलं. म्हणजे आपण ज्याला अनुभव समजतो त्यात किंमत आणि नाव आधीच मिसळलेलं असतं. 4.1 आणि 4.3 यांतल्या फरकावर तुम्ही एखादी रात्र नक्की घालवली असेल. मी घालवलेली आहे.

हे झालं प्रामाणिक माणसांचं. अप्रामाणिकांची गोष्ट लांबवत नाही, ती तुम्हाला ठाऊक आहे. मागे मी मागवलेल्या एका किटलीच्या खोक्यात रंगीत चिठ्ठी निघाली : पाच स्टार द्या, फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा. मी चिठ्ठी फाडली, पण प्रामाणिकपणे सांगतो, फाडायच्या आधी दोनदा वाचली. दुसरी एक खोड अशी की विक्रेता जुन्या वस्तूच्या पानावर गुपचूप नवीच वस्तू चढवतो. स्टार जुन्या वस्तूचे, माल नवा. मिक्सरच्या रिव्ह्यूंमध्ये मधूनच कुणी मोबाइल कव्हरची तारीफ करताना दिसलं तर समजून जायचं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 2017 साली लंडनच्या डलिच भागात ऊबा बटलर नावाच्या लेखकाने आपल्या बागेतल्या शेडला हॉटेल म्हणून नोंदवलं. पदार्थांच्या फोटोत मलई म्हणून दाढीचा फेस. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि काही महिन्यांत प्रवाशांच्या एका नामांकित संकेतस्थळावर ते लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल झालं. तोवर तिथे एकही माणूस जेवला नव्हता.

आपल्याकडे याला कायदा नाही असं नाही. जुलै 2020 पासून लागू असलेल्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे वेगळं मानकही आणलं : लिहिणारा खरा आहे का हे पडताळा, विकत घेतलेली स्तुती छापू नका, वगैरे. मात्र ते ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक शिस्तीचं काय होतं ते नायगाव स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेत रोज बघायला मिळतं.

एवढं झाल्यावर ‘नाक जिंकलं’ असा निकाल देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. सासूबाईही खूश होतील. पण तसं नाही. त्यांना उद्या प्रेशर कुकर घ्यायला पाठवा. त्या बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतील, हातात धरून वजन घेतील, झाकण फिरवून बघतील. हे चांगलंच आहे. पण सुरक्षा झडप ठरलेल्या दाबाला उडेल की नाही हे टिचकीला कळत नाही आणि चूक करून शिकायची ही जागा नव्हे. कुकरचा निकाल एकदाच लागतो. इथे त्यांनीही नाक खुपसू नये.

बरं, कुकरच्या बाबतीत स्टारही कामाचे नाहीत. 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तरीही ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजाराला एक लाख रुपये दंड केला, कारण त्यांच्यामार्फत मानकात न बसणारे 2,265 कुकर विकले गेले होते. ते परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायचाही आदेश झाला. त्या कुकरमध्ये भात शिजवून कुणी ना कुणी समाधानाने स्टार दिलेच असणार. भात शिजणं आणि कुकर सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी बघायचं ते चिन्ह. कुकरवर चिन्हाच्या वर आयएस 2347 आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. येत नसेल तर वस्तू परत. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, हेल्मेट, मुलांची खेळणी, सगळीकडे हाच न्याय. सोन्याचंही तेच. पूर्वी सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून दाखवायचा आणि आपण मान डोलवायचो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावाच लागतो आणि तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो.

म्हणजे जिथे निकाल स्वतःच्या घरात, पुन्हा पुन्हा आणि परवडेल अशा किमतीत लागतो तिथे आपला हात आणि आपलं नाक. जिथे चूक जिवावर बेतेल किंवा डोळ्याला दिसणारच नाही तिथे सरकारी ठसा. मधे बराच मोठा पट्टा उरतो आणि तुमचा मिक्सर त्यात येतो.

या पट्ट्यात मी काय करतो ते सांगतो. आधी मोबाइल बाजूला ठेवून कागदावर लिहितो : ही वस्तू मी रोज कशासाठी वापरणार, आधीची का बिघडली आणि दुरुस्त कोण करणार. हे तीन प्रश्न सुटायच्या आत स्टार बघायचे नाहीत. एकदा आकडा दिसला की आपलं मत त्याच्याभोवती घुटमळतं. मग दुरुस्तीवाल्याकडे जातो. तुमच्याही गल्लीत एक असेलच. छोटं दुकान, टेबलावर पोट उघडे पडलेले चारपाच मिक्सर. त्याला ‘चांगला कुठला?’ विचारू नका. तो ओळखीच्या दुकानाचं नाव सांगेल. ‘माझ्याकडे कुठला जास्त येतो?’ यालाही फसू नका. जो जास्त खपतो तोच जास्त येणार. विचारायचं असं : ‘कुठल्याचे पार्ट लगेच मिळतात? आणि कुठला तुम्ही हातात घ्यायलाच नको म्हणता?’ माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने यावर उत्तर देण्याऐवजी एक भांडं उलटं करून खालचा बुश दाखवला, पितळेचा होता. मग दुसरं दाखवलं. त्यात तो प्लॅस्टिकचा, झिजून काळं पाणी आलेला. दहा सेकंदांत मला जे दिसलं ते चारशे रिव्ह्यूंमध्ये कुणी लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर रिव्ह्यू उघडतो. हो, उघडतो. पण मतमोजणी करायला नाही, तक्रारवही वाचायला. पाच स्टारवाले सोडून देतो, ते आनंदात आहेत. एक स्टारवालेही बरेचसे कुरिअरवर चिडलेले असतात. दोन आणि तीन स्टारवाला माणूस बहुधा विचार करून लिहितो : अमुक चांगलं, पण तमुक महिन्यांनी असं झालं. ‘सहा महिन्यांनी’, ‘वर्षभर वापरल्यावर’ असे शब्द शोधायचे. एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत चारपाच जणांनी केली असेल तर ती खरी धरायची. ‘झाकणातून गळतं’ हे पाच जण ठरवून लिहीत नाहीत. आणि मग त्या तक्रारीचं आपल्या घरात काय होईल ते आपण ठरवायचं. आवाज फार येतो असं कुणी लिहिलं असेल आणि तुमच्याकडे पहाटे पाचला डबे होत असतील, तर ती मोठी गोष्ट आहे. दुपारी एकटीच असाल तर काहीच नाही.

गंमत म्हणजे हे सगळं तुमच्या घरात एकदा झालेलं असणार. नायगाव पूर्वेला फ्लॅट घेताना तुमच्या घरच्यांनी स्टार मोजले होते का? पावसाळ्यात येऊन पाणी कुठवर साचतं ते पाहिलं असेल, टँकर येतो का हे वॉचमनला विचारलं असेल, सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळते का ते स्वतः चढून पाहिलं असेल. लाखोंच्या घराला आपण पायांनी तपासतो आणि साडेतीन हजारांच्या मिक्सरला अंगठ्याने.

आपल्याकडे नाक आणि स्टार या दोन्हींच्या मधलाही एक मार्ग निघाला होता आणि अजून चालू आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने ग्राहक चळवळ उभी राहिली आणि त्यातून 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, महिन्याची यादी एकत्र, घाऊक खरेदी आणि माल कुणाच्या तरी घरी उतरवून वाटप. तूरडाळ शिजली नाही तर तक्रार समोरासमोर. तक्रार करणारी कोण, तिच्या घरी किती माणसं, तिचा गॅस मोठा असतो की बारीक, हे सगळ्यांना माहीत. त्या मताला चेहरा होता. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दोन वर्षांहून जास्त टिकलेला मिक्सर कुणाकडे आहे?’ एवढं विचारून पाहा. सात उत्तरं आली तरी पुष्कळ, कारण त्यातल्या एकीच्या घरी जाऊन तुम्ही स्वतः वाटण वाटून बघू शकता.

आता जळालेल्या मिक्सरचं. आधी एक विचारतो, रागावू नका : तो उलटा करून तळाचं लाल बटण दाबून पाहिलंत ना? ताण जास्त आला की बऱ्याच मिक्सरमधलं ते बटण उडतं आणि मोटर गेली असं वाटतं. दाबलं की पुन्हा चालू. तळाच्या पट्टीवर सलग किती वेळ चालवायचा तेही छापलेलं असतं, ते आपण कुणीच वाचत नाही. जळका वास येऊन खरंच मोटर गेली असेल तर चौथ्या महिन्यात वॉरंटी असणारच. बिल आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. कंपनीने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी कुठल्याही गावची असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते, तेवढी सांभाळा.

टोमण्यांवर माझ्याकडे उपाय नाही. येत्या मे महिन्यात पापडीला ‘निम्मा जवळा मला निवडू द्या’ असं सासूबाईंना सांगून बघा. डबा वेगळा ठेवा, वर नाव घाला.

प्रश्न : मी वस्तू विकत घेते, पण कधी रिव्ह्यू लिहीत नाही. लिहावा का? लिहायचा तर कसा?
— एक वाचक, उमेळा

उत्तर : लिहा, पण लगेच नको. निरोप येईल, येऊ द्या. सहा महिन्यांनी लिहा आणि घरात माणसं किती, रोज काय करता, काय बिघडलं, ते सांगा. माझा परवाचा एक खाली देतो. तो अजून कुणालाही ‘उपयुक्त’ वाटलेला नाही.

‘बिडाचा तवा. आठ महिने झाले. चार माणसांचं घर, रोज दहाबारा तांदळाच्या भाकऱ्या, रविवारी घावन. पहिले पंधरा दिवस सगळं चिकटलं, दोनदा टाकून द्यावासा वाटला. कांदा फिरवत राहिलो, आता सुटतं. जड आहे, आईला एका हाताने उचलत नाही. पावसाळ्यात एकदा ओला ठेवला तर गंजला, चूक माझी. कड एका बाजूला जराशी उंच आहे, घावन तिकडे पातळ होतं. पॅकिंग कसं होतं ते आठवत नाही. तीन स्टार.’